लॉन चेनीचे हात

१९३० साली हॉलिवूडमधल्या एका नामवंत नटाने नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र केलं. जमिनीचा वाद नव्हता की कराराचा तंटा नव्हता. 'द अनहोली थ्री' या बोलपटात एक शब्दभ्रमकार, त्याने सोंग घेतलेली म्हातारी, त्याची बाहुली, एक पोपट आणि एक मुलगी असे पाच आवाज ऐकू येतात. ते पाचही माझेच आहेत, दुसऱ्या कुणाचा गळा उसना घेतलेला नाही, एवढंच त्यात लिहून दिलं होतं. एमजीएम कंपनीने त्या कागदाची यथेच्छ जाहिरात केली. कंपनीचा तो धंदाच होता. पण लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, कारण खाली सही लॉन चेनीची होती. हा माणूस सतरा वर्षं पडद्यावर होता आणि त्या सतरा वर्षांत प्रेक्षकांनी त्याचा एकही शब्द ऐकला नव्हता. तरी तो काहीही करू शकेल, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्या काळी अमेरिकेत एक विनोदच रूढ झाला होता: वाटेत किडा दिसला तर पाय देऊ नका, न जाणो लॉन चेनी असायचा.

'हजार चेहऱ्यांचा माणूस' ही त्याची बिरुदावली. १९५७ साली जेम्स कॅग्नीला घेऊन त्याच नावाचा चरित्रपटही निघाला. तेव्हापासून चेनी म्हणजे रंगभूषा, चेनी म्हणजे भयपट, असं पक्कं होऊन बसलं. मला ते अर्धवट वाटतं. त्याचे उरलेसुरले मूकपट पुन्हा पुन्हा पाहिले की चेहऱ्याचं नवल थोड्या वेळात ओसरतं आणि नजर त्याच्या हातांवर जाते. बोटं दुमडण्याची, तळवा उघडण्याची, मध्येच हात थांबवून धरण्याची त्याची जी रीत आहे, ती त्या काळच्या इतर नटांकडे दिसत नाही. ते नट बोलत असत आणि आवाज येत नसे. चेनी हातांनीच बोलत होता.

ही भाषा त्याला घरात मिळाली होती. १ एप्रिल १८८३ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी लिओनिडास फ्रँक चेनीचा जन्म झाला. वडील फ्रँक चेनी न्हावीकाम करत. ते कर्णबधिर होते. आई एमाही कर्णबधिर. आईचे वडील जोनाथन केनेडी यांनी १८७४ मध्ये, म्हणजे कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळण्याच्याही दोन वर्षं आधी, तिथे कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली होती. ती आजही चालू आहे. फ्रँक आणि एमाच्या मुलांना ऐकू येत होतं, पण घरातला व्यवहार हातांनी, डोळ्यांनी आणि चेहऱ्याने चाले. लॉन नऊ-दहा वर्षांचा असताना आई सांधेदुखीने अंथरुणाला खिळली. चौथीनंतर त्याची शाळा सुटली आणि आईची शुश्रूषा, धाकट्या भावंडांचं पाहणं त्याच्याकडे आलं. दिवसभर खोलीत पडून असलेल्या आईला गावात काय घडलं ते सांगायचं म्हणजे करूनच दाखवायचं. अमका कसा चालत होता, तमकी बाई दुकानदारावर कशी चिडली, कोण घोड्यावरून पडलं, हे सगळं पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून. पुढे त्याच्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट सांगितली आहे, आणि ती खरी आहे.

मात्र या गोष्टीत एक धोकाही आहे. आईवडील मुके, म्हणून मुलगा मूकपटाचा राजा, इतकं सोपं सूत्र बसवलं की मधली वीस वर्षं गळून पडतात. त्या घरात वाढलेली इतर भावंडं काही लॉन चेनी झाली नाहीत. थोरला भाऊ जॉन तर नाटकवालाच होता, आणि लॉन नाटकात गेला तो त्याच्याच मागे. लॉनने आधी पाइक्स पीकच्या डोंगरावर येणाऱ्या पर्यटकांना वाट दाखवण्याचं काम केलं, गालिचे अंथरण्याचं आणि भिंतींना कागद चिकटवण्याचं काम शिकला, गावच्या ऑपेरा हाउसमध्ये रंगमंचामागे सामान हलवलं. १९०२ मध्ये 'द लिटल टायकून' या संगीत नाटकात तो पहिल्यांदा लोकांपुढे उभा राहिला. भूमिका विनोदी होती. पुढची दहा-बारा वर्षं तो विनोदी नट म्हणूनच जगला, हे त्याच्या भयपटांच्या चाहत्यांना बहुधा ठाऊक नसतं.

या वर्षांबद्दल इंग्रजी पुस्तकं भराभर पानं उलटतात. आपल्याकडच्या वाचकाला मात्र ती ओळखीची वाटतील. फिरत्या संगीत कंपन्या, आज या गावी मुक्काम तर उद्या त्या, खेळ चालला तर पगार आणि पडला तर परतीच्या भाड्याची पंचाईत. अशा कंपनीत नुसता नट म्हणून कुणाला पोसत नाहीत. चेनी गात असे, नाचत असे, कोरसमधल्या मुलींचे नाच बसवत असे, कपडेपटाकडे लक्ष देई, रंगमंच व्यवस्थापक म्हणून पडद्यामागची सूत्रंही हलवी. रंगपटात बसून स्वतःचं तोंड स्वतःच रंगवायचं, एका खेळात म्हातारा तर दुसऱ्यात पोरगेला शिपाई व्हायचं, हे तर रोजचंच. त्याचं पुढचं अष्टपैलुत्व मला या वणवणीत दिसतं. खाणाखुणांची भाषा घरची, पण ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची कशी, हे त्याला तिकीट काढून बसलेल्या कंटाळलेल्या लोकांनी शिकवलं.

१९०५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत कंपनीत गाण्यासाठी एक मुलगी आली. फ्रान्सिस क्लीव्हलंड क्रेटन, सगळे तिला क्लीव्हा म्हणत. वय सोळा. दोघांचं जमलं, आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये मुलगा झाला, क्रेटन. मूल काखोटीला मारून दोघं गावोगाव फिरू लागले. क्लीव्हाचा गळा चांगला होता, तिला कामं मिळू लागली, नाव होऊ लागलं. त्यानंतर संसार बिनसत गेला. नवऱ्याचा संशय, बायकोचं पिणं, एकमेकांवर आरोप. कोणाचं किती चुकलं ते आज ठरवण्यात अर्थ नाही. ३० एप्रिल १९१३ रोजी लॉस एंजेलिसच्या मॅजेस्टिक थिएटरात, जिथे चेनी कोल्ब आणि डिल या विनोदी जोडीच्या कंपनीत काम करत होता, क्लीव्हाने विष घेतलं. ती वाचली. तिचा आवाज मात्र गेला, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज गेला की तिच्याकडे काय उरतं? चेनीच्या चरित्रांमध्ये ही घटना बहुतेक वेळा 'त्याच्या आयुष्यातलं वळण' म्हणून येते. ती क्लीव्हाच्या आयुष्यातली घटना होती, हे एखाद्याच ठिकाणी वाचायला मिळतं.

जाता जाता एक तारीख. क्लीव्हा इस्पितळात असताना, म्हणजे ३ मे १९१३ला, मुंबईत कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीचं काम अण्णा साळुंके यांनी केलं होतं, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. हेच साळुंके चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. तिकडे आणि इकडे, नाटकाला जे नकोसं किंवा परवडेनासं झालं होतं ते सिनेमाच्या अंगणात येऊन पडत होतं.

चेनीचंही तसंच झालं. घरच्या भानगडीची वर्तमानपत्रांत वाच्यता झाली आणि नाटकाची दारं बंद झाली. १९१४ मध्ये काडीमोड झाला. मुलाला काही काळ दुसरीकडे ठेवावं लागलं. पुढे हेझल हेस्टिंग्ज या पूर्वीच्या कोरसमधल्या मुलीशी १९१५ मध्ये लग्न झाल्यावरच मुलगा घरी आला. आई वारली, असं त्याला सांगण्यात आलं होतं, असं चरित्रकार लिहितात. ती जिवंत आहे हे त्याला मोठेपणी कळलं. पडद्यावर चेनीने दुखावलेल्या, फसवल्या गेलेल्या बापांच्या इतक्या भूमिका केल्या, त्या पाहताना ही गोष्ट डोक्यात राहतेच.

युनिव्हर्सल स्टुडिओत तेव्हा कामाच्या शोधातली माणसं सकाळी जमायची आणि दिग्दर्शक हवी तशी उचलायचे. चेनी रंगपेटी घेऊन जाई. आज चिनी हवा, आज खलाशी हवा, आज एक डोळ्याचा गुंड हवा, असं कानावर आलं की पेटी उघडून तो तसा होऊन उभा राही. नाटकाच्या कंपनीत जे पोटासाठी शिकला होता, त्यावर इथे पोट चाललं. जोसेफ द ग्रास आणि आयडा मे पार्क या दिग्दर्शक दांपत्याने त्याच्यातलं वेगळेपण ओळखून त्याला मोठी कामं दिली. चेनीने स्वतःही काही छोटे चित्रपट दिग्दर्शित केले. पाच वर्षं राबल्यावर त्याने आठवड्याला १२५ डॉलर मागितले. स्टुडिओचे व्यवस्थापक विल्यम सिस्ट्रम यांनी त्याला सुनावलं की तू शंभर डॉलरच्या वर कधी जाणार नाहीस. चेनी बाहेर पडला. काही वर्षांनी त्याच स्टुडिओला 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम'साठी त्याचीच पायरी चढावी लागली.

नाव झालं ते १९१९च्या 'द मिरॅकल मॅन'मुळे. दिग्दर्शक जॉर्ज लोन टकर. गोष्ट ठगांच्या टोळीची: एका गावात एक आंधळा म्हातारा हात लावून रोग बरे करतो अशी ख्याती असते, आणि तिच्यावर पैसे कमवायला ही टोळी येते. चेनी त्यातला 'फ्रॉग', म्हणजे हातपाय पिळवटून लुळ्यापांगळ्याचं सोंग करणारा भामटा. सगळ्या गावादेखत तो सरपटत म्हाताऱ्याकडे जातो आणि एकेक सांधा सोडवत उभा राहतो. अख्खा चित्रपट आज हरवला आहे, पण नशिबाने हाच तुकडा उरला. तो पाहताना लक्षात येतं की इथे रंगभूषा जवळपास नाहीच. आधी पाऊल सरळ होतं, मग गुडघा, मग खांदा, आणि सर्वांत शेवटी बोटं. शिवाय हे सगळं खोटं आहे हे आपल्याला माहीत असतं. म्हणजे नट एका ठगाचं काम करतोय आणि तो ठग एका पांगळ्याचं. दोन्ही थर एकाच वेळी दिसतात. मग गर्दीतला एक खरोखरच अपंग असलेला मुलगा कुबड्या टाकून चालू लागतो आणि भामट्याचा चेहरा उतरतो.

पुढच्या वर्षीच्या 'द पेनल्टी'त तो पाय तोडलेला गुन्हेगारांचा म्होरक्या झाला. दोन्ही पाय मागे दुमडून मांड्यांशी पट्ट्यांनी करकचून बांधायचे आणि गुडघे बादल्यांत घालून कुबड्यांवर चालायचं. रक्त साकळत असल्यामुळे एका वेळी दहा-वीस मिनिटांपलीकडे हे सहन होत नसे. पडद्यावर मात्र तो त्या खुंट्यांवरून टेबलावर चढतो, उड्या मारतो. अशा गोष्टींनी चेनीची दंतकथा बनली आणि प्रसिद्धी खात्याने तिला खतपाणी घातलं. 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मधली (१९२३) त्याची कुबड सत्तर पौंडांची होती असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. मायकेल ब्लेक यांनी ही फुगलेली आख्यानं बारकाईने तपासली. ब्लेक स्वतः हॉलिवूडमध्ये रंगभूषाकार. त्यांनी चेनीवर तीन पुस्तकं लिहिली. त्यांच्या हिशेबाने कुबड वीसएक पौंडांची, प्लास्टरची होती. वीस पौंड म्हणजे नऊ किलो. पाठीवर नऊ किलो घेऊन दिवसभर कॅथीड्रलच्या भिंतीवर लोंबकळणं पुरेसं आहे. सत्तरची गरज नव्हती.

आता पेटीविषयी. ती आज लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे आहे. त्यात ग्रीझपेंट, नाकासाठी पुट्टी, मिशा-दाढ्या चिकटवायचा डिंक, व्रण उठवायला कोलोडियन, खोट्या दातांसाठी गटापर्चा, कापूस असला सगळा पसारा. आज रबराचे तयार मुखवटे मिळतात. तेव्हा ते नव्हते आणि प्रत्येक सकाळी सगळं नव्याने उभारावं लागे. त्यात फिल्मचा एक चमत्कारिक स्वभाव सांभाळायचा. १९२०च्या दशकातली पहिली काही वर्षं वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल ओठ पडद्यावर काळे, निळे डोळे पांढरट. आरशात जे दिसतं ते पडद्यावर दिसणार नाही, हे धरून रंग निवडायचे. चेनीला हे इतकं पाठ होतं की १९२९ साली एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या चौदाव्या आवृत्तीत चित्रपटातल्या रंगभूषेवरची नोंद लिहायला त्यालाच सांगण्यात आलं. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाची ही नोंद.

'द फँटम ऑफ द ऑपेरा' (१९२५) हा त्या पेटीचा कळस. नाकपुड्या वर ओढून धरलेल्या, डोळ्यांभोवती खड्डे, कवटीसारखं कपाळ. हे कशाने साधलं यावर अजून वाद आहेत. कुणी तारेचं नाव घेतं, कुणी माशाच्या पातळ त्वचेचं. चेहऱ्याचं एकही छायाचित्र प्रदर्शनाआधी बाहेर जाऊ द्यायचं नाही असा स्टुडिओचा कडक बंदोबस्त होता. चेनी आणि दिग्दर्शक रूपर्ट ज्युलियन यांचं इतकं फाटलं होतं की छायाचित्रणकार चार्ल्स व्हॅन एंगर दोघांमध्ये निरोप पोचवी. मुखवटा ओढला जाण्याचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. मी म्हणेन, तो प्रसंग पाहताना त्याआधीची मिनिटं पाहा. मुखवटा चढवलेला आहे, चेहरा नाहीच, आणि तरी तो मेरी फिल्बिनच्या खांद्याशी हात नेतो, अंगाला लावत नाही, मागे घेतो. त्या अधांतरी राहिलेल्या हातात सगळं पात्र आहे. मुखवटा निघाल्यावर आपण दचकतो. कीव आपल्याला आधीच आलेली असते.

'हंचबॅक'मधल्या क्वासिमोदोबद्दलही एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला हा घंटा वाजवणारा घंटांच्या आवाजाने बहिरा झालेला आहे. कर्णबधिर आईबापाच्या मुलाला ते काम मिळालं. त्याने बहिरेपण दाखवायला कानावर हात ठेवण्यासारखी एकही खूण केलेली नाही. तो फक्त समोरच्याच्या ओठांकडे आणि हातांकडे, ऐकू येणारा माणूस पाहणार नाही इतका वेळ पाहत राहतो.

टॉड ब्राउनिंग हा दिग्दर्शक आणि चेनी यांची जोडी खास. दोघांनी मिळून दहा चित्रपट केले. ब्राउनिंग पोरवयात घरातून पळून सर्कशीत आणि जत्रेतल्या खेळांत वाढलेला, त्यामुळे तंबूमागचं जग त्याला आतून ठाऊक. त्यांचा सर्वांत चांगला चित्रपट माझ्या मते 'द अननोन' (१९२७). माद्रिदमधल्या एका सर्कशीत आलोन्झो हा हात नसलेला कलाकार पायांनी सुऱ्या फेकतो. खरं तर त्याला हात आहेत. गुन्हेगार असल्यामुळे ते तो कपड्याखाली बांधून ठेवतो. नानोन (जोन क्रॉफर्ड) हिला पुरुषाच्या हातांचा स्पर्शच सहन होत नाही, म्हणून तिला आलोन्झोजवळ निर्धास्त वाटतं. तिच्यासाठी तो खरोखरचे हात कापून घेतो. परत येतो तर तिची भीती गेलेली असते आणि ती सर्कशीतल्या पहिलवानाच्या मिठीत सुखाने उभी असते. गोष्ट अशी सांगितली की हास्यास्पद वाटते. पाहताना हसू येत नाही. पायांची बारीक कामं पॉल डेस्मूक या खऱ्या हात नसलेल्या कलाकाराने केली आहेत. पण ती बातमी ऐकल्यावरचा चेहरा चेनीचा आहे, रंगभूषेविना. ज्याचं सगळं बोलणं हातांत होतं त्या नटाने हात काढून घेतले आणि हसत हसत रडण्याचं एक मिनिट उरवलं. क्रॉफर्डने पुढे सांगितलं की कॅमेऱ्यापुढे उभं राहणं आणि अभिनय करणं यातला फरक तिला चेनीकडे पाहून कळला.

रंगभूषा नसतानाचा चेनी म्हटला की 'टेल इट टु द मरीन्स' (१९२६) आठवतो. यात तो मरीन दलाचा सार्जंट आहे, पिळदार, कुरूप, आणि एका परिचारिकेवर मुकाट प्रेम करणारा. मरीन दलाने खूश होऊन त्याला मानद सदस्य केलं. हा मान मिळालेला तो पहिला चित्रपटनट. त्याच सुमाराचा 'ही हू गेट्स स्लॅप्ड' (१९२४) स्वीडिश दिग्दर्शक व्हिक्टर श्यॉस्ट्रमचा: भर सभेत थोबाडीत खाल्लेला शास्त्रज्ञ विदूषक होऊन रोज रात्री पैसे घेऊन थोबाडीत खातो. हे दोन पाहिल्यावर चेनीला भयपटांचा नट म्हणणं जमत नाही. दीडशेहून अधिक चित्रपटांत खरे भयपट मोजकेच आहेत. त्याचा एकच विषय होता: जिच्यावर जीव आहे तिला आपण मिळणार नाही हे कळणं.

त्याच्या कामातलं सगळंच आज गळी उतरत नाही, हेही लिहायला हवं. 'शॅडोज', 'मिस्टर वू' असल्या चित्रपटांत तो चिनी झाला. डोळ्यांच्या कडा ओढून, नखं वाढवून. 'शॅडोज'मधला धोबी माणूस म्हणून उभा राहतो, तरी ते काम गोऱ्या नटाने करायचं आणि चिनी नटांनी मागे गर्दीत उभं राहायचं हा हॉलिवूडचा रिवाज होता आणि चेनी त्या रिवाजाचा सर्वांत कुशल लाभार्थी. शरीराचं व्यंग म्हणजे मनाची विकृती, हे समीकरणही त्याच्या अनेक पटकथांनी पक्कं केलं. ज्याच्या घरी अपंगत्व रोजच्या जेवणासारखं साधं होतं, त्याला हे खटकलं असेल का? निदान पडद्यावर त्याने पटकथेच्या वरताण करून या माणसांना प्रतिष्ठा दिली, इतकं दिसतं.

कामाबाहेर त्याला लोकांत मिसळायची हौस नव्हती. दोन चित्रपटांच्या मध्ये लॉन चेनी नावाचा कुणी नसतोच, अशा अर्थाचं तो म्हणे. सिएरा नेवाडाच्या डोंगरात बिग पाइनजवळ त्याने दगडी घर बांधून घेतलं. आराखडा पॉल विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाचा. धडपडणाऱ्या नटांना तो मदत करी. त्यांच्यापैकी एक बोरिस कार्लोफ, ज्याचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानात मीठखात्यात नोकरीला होते. दुसऱ्या कुणाला जमणार नाही असं काहीतरी शोध, हा चेनीचा सल्ला आपण धरून ठेवला असं कार्लोफ सांगत असे.

बोलपट आला तेव्हा चेनीने बराच काळ नकार दिला. बोलपटाने आणखी एक गोष्ट केली, जिची नोंद फारशी होत नाही: मूकपट हा कर्णबधिरांना बरोबरीने पाहता येणारा खेळ होता, तो त्यांच्याकडून गेला. अखेर १९३०च्या जुलैत 'द अनहोली थ्री' बोलपट होऊन आला आणि लोकांना चेनीचा आवाज आवडला. तोवर त्याला श्वासनलिकेचा कॅन्सर झाला होता. शेवटच्या दिवसांत बोलणं बंद झालं आणि त्याला खुणांवर यावं लागलं. २६ ऑगस्ट १९३० रोजी घशातल्या रक्तस्रावाने तो गेला. वय ४७. मरीन दलाने मानवंदना दिली. ग्लेंडेलच्या फॉरेस्ट लॉनमध्ये जिथे त्याला ठेवलं आहे त्यावर नाव नाही. मुलाने नट होऊ नये अशी त्याची इच्छा होती. क्रेटन पुढे लॉन चेनी ज्युनियर या नावाने 'द वुल्फ मॅन' (१९४१) झाला.

त्याच्या चित्रपटांपैकी शंभरच्या आसपास आज नाहीत. त्या काळच्या फिल्मचा नायट्रेट भडकून पेटे, आणि मूकपटांना किंमत उरली नाही म्हणून कंपन्यांनी ते सांभाळले नाहीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या सुमारे अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात १४ टक्केच उरले आहेत. आपल्याकडे स्थिती याहून वाईट. 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा पूर्ण नाही, आणि जो आहे तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. चेनी-ब्राउनिंगच्या 'लंडन आफ्टर मिडनाइट'ची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएमच्या गोदामाला आग लागली तिच्यात गेली. २०१४ मध्ये त्याचं एक पोस्टर लिलावात ४,७८,००० डॉलरला विकलं गेलं. चित्रपट सांभाळायला याच्या किती टक्के खर्च आला असता? 'द अननोन'ही असाच कैक वर्षं बेपत्ता होता. १९६८ मध्ये तो पॅरिसच्या सिनेमातेकमध्ये सापडला. डब्यांवर 'अज्ञात' असं लिहिलेलं होतं आणि तिथे ओळख न पटलेल्या चित्रपटांचे शेकडो डबे तसंच लिहून ठेवलेले होते, म्हणून इतकी वर्षं कुणी उघडून पाहिलं नाही.

'फँटम' आणि 'हंचबॅक' आता स्वामित्वहक्कातून मोकळे आहेत आणि इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात. 'द अननोन'ची नवी, दुरुस्त केलेली प्रतही निघाली आहे. चेनी पहिल्यांदाच पाहणार असाल तर 'फँटम'पासून सुरुवात करू नका. 'द अननोन' पाहा, तासाभराचा आहे.